दोन बोटं माया

“हे एवढं का ठेवलंत?” मास्तरांनी विचारलं.

“माया,” टाचणी म्हणाली.

मास्तर गोंधळले. रोपवाटिकेच्या काचेच्या शेडमध्ये ते दर हिवाळ्यात बोन्सायचे वर्ग घ्यायचे, पण फांदी कापताना मध्येच मायेचा विषय आजवर कोणी काढला नव्हता. मग ते समजूतदारपणे हसले. “माया हवीच हो बाई. पण खरं सांगू? झाडं मायेनंच जास्त मरतात. लोक पाणी घालघालून मारतात त्यांना.”

शेजारी बसलेल्या तिच्या दोघी मैत्रिणी, सिस्टर आणि साहेब, फिस्सकन हसल्या. सिस्टरला तर ठसकाच लागला.

“ती माया नव्हे हो मास्तर,” साहेब म्हणाली. “ही कपड्यातली माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, पुढेमागे उसवून सैल करायला, ती. हिचं कपडे ऑल्टर करायचं दुकान आहे. हिला काहीही कापायला द्या, दोन बोटं माया ठेवल्याशिवाय कात्री चालत नाही हिची.”

“अस्सं होय!” मास्तरांनी टाचणीच्या रोपाकडे पाहिलं. पानं गळालेलं, काडीसारखं रोप. त्याच्या फांद्या कापल्या होत्या खऱ्या, पण प्रत्येक ठिकाणी दोन बोटांचा खुंट शाबूत होता. “पण बाई, झाड काही पुन्हा उसवता येत नाही. खुंट ठेवला की आधी तो वाळतो, मग कुजतो आणि ती कूज खोडात उतरते. कापायचं तर खोडालगत, साफ. मग जखम भरते.”

टाचणीने मान हलवली, कात्री उचलली आणि तशीच धरून बसली. शेवटी मास्तरांनीच ती तिच्या हातातून काढून घेतली आणि कचाकच खुंट उतरवले.

टाचणी हे नाव तिला तिघींच्या टोळीतच पडलं होतं. उभा जन्म तिने ओठांत टाचण्या धरून लोकांच्या कमरा आत-बाहेर केल्या होत्या. शिवाय अंगकाठीही नावाला शोभेल अशीच होती. इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकान आणि दुकानामागे तिची खोली. आई होती तोवर त्या खोलीत दोघी राहायच्या, आई गेल्यावर एकटी. भाऊ होता, पण तो वहिनीच्या माहेरच्या गावी कायमचा स्थायिक झाला होता, आणि वर्षाकाठी एखादा फोन करून बहिणीवर उपकार करायचा.

पहिल्या मजल्यावर सिस्टर. जन्म दवाखान्यात गेला, नवरा त्याच दवाखान्यात गेला, आणि आता निवृत्तीनंतरही कोणी शिंकलं तर ही आधी त्याची नाडी बघायची. दुसऱ्या मजल्यावर साहेब. ही शाळेत हेडक्लार्क होती. मुख्याध्यापकसुद्धा तिला विचारल्याशिवाय सही करत नसत, म्हणून साहेब. संध्याकाळी दुकानाचं काम आटपत आलं की दोघी खाली उतरायच्या आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लाकडी बाकावर ठाण मांडायच्या. टाचणी मशीन चालवत ऐकायची. चहा व्हायचा. अमक्याची सून, तमक्याचा गुडघा, सगळं व्हायचं. टाचणीचा दिवस त्या तासाभरासाठीच असायचा म्हटलं तरी चालेल. तिला विचारलं असतं तर तिने ते कबूल केलं नसतं, तो भाग वेगळा.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. ती चहा घेऊन बाहेर आली की बाकावरचं बोलणं मध्येच तुटायचं. साहेब एकदम हवेचा विषय काढायची. सिस्टरने तिचा जुना गरम कोट आत घ्यायला दिला, आजारपणानंतर तो तिच्या अंगात लोंबायला लागला होता, तर देताना म्हणाली, “जरा लवकर दे गं.” हिवाळा निम्मा सरला होता, मग आता हिला कसली घाई? टाचणीने आडून आडून विचारून पाहिलं. दोघी मूग गिळून बसल्या. आपलं काही चुकलं का, आपण त्या दोघींना नकोशा झालोय का, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. पायजम्याच्या सरळ शिवणीसुद्धा तिला दोनदा उसवाव्या लागल्या.

आणि मग एके संध्याकाळी सिस्टरच म्हणाली, “शनिवार-रविवार बोन्साय शिकवतायत रोपवाटिकेत. जाऊ या का तिघी?”

तिघी! टाचणीच्या जिवात जीव आला. आईच्या आजारपणातही तिने शनिवारी दुकान बंद ठेवलं नव्हतं, ते तिने झाडाच्या काड्या कापायला बंद ठेवलं.

दुपारी मुळांची पाळी आली. शेडमध्ये एकच हीटर होता आणि तो स्वतःपुरताच गरम होत होता. मास्तरांनी प्रत्येकीला बोटं कापलेले हातमोजे दिले.

“हिवाळ्यातच का म्हणून हे?” साहेबने हात चोळत विचारलं. “उन्हाळ्यात झाडं रजेवर असतात का?”

“हिवाळ्यात झोपलेली असतात. झोपेत मुळं कापली तर त्यांना कळत नाही.”

“म्हणजे भूल दिल्यासारखं,” सिस्टर खूश होऊन म्हणाली.

“तसंच. फक्त शुद्धीवर आलं की नाही ते लगेच समजत नाही. वसंतात पालवी फुटली तर जगलं म्हणायचं.”

टाचणीने या वेळी मुळं सांगितली तशी कापली. माया ठेवली नाही. मास्तरांनी “शाब्बास” म्हटलं तेव्हा ती लहान मुलीसारखी लाजली. साहेबने लगेच कोपरखळी मारली, “बघा, बघा, या वयात पहिला नंबर!” त्या दिवशी बसने घरी येताना टाचणी पुढच्या सीटवर बसली आणि वाटभर मान मागे वळवून दोघींशी बोलत राहिली. बसमधली सीट दोघींचीच असते, तिसरीने मान दुखवून घ्यायची असते. मान खरंच दुखली, पण तिचं तिला काही नव्हतं.

रविवारी तिन्ही रोपं एकाच पसरट ट्रेमध्ये लावायची होती. छोटंसं रान. ही कल्पना सिस्टरची. बाकीच्या मंडळींनी आपापली वेगळी कुंडी घेतली, पण सिस्टरने हट्टच धरला, “आमचं तिघींचं मिळून एक.”

“छान,” मास्तर म्हणाले. “रान नेहमी विषम आकड्याचं करावं. तीन, पाच, सात. दोनच झाडं लावली की ती एकमेकांकडेच बघत बसतात.”

“आमच्याकडे तर म्हणतात, तीन तिगाडा काम बिगाडा,” साहेब म्हणाली आणि का कोण जाणे, एकदम खाली बघून माती चाळायला लागली.

मास्तरांनी साहेबचं उंच रोप पुढे उभं केलं, सिस्टरचं त्याच्या खांद्याला खांदा लावून. टाचणीचं सगळ्यांत बारीक. ते त्यांनी मागे, कडेला नेलं.

“लहान झाड मागं आणि जरा एकटं ठेवायचं. म्हणजे ते लांब असल्यासारखं वाटतं. पुढच्या बाजूनं बघा, केवढं खोल रान दिसतंय!”

“टाचणे, तुला मागच्या बाकावर बसवलं गं,” साहेब म्हणाली. टाचणीही हसली. तिघींनी मिळून माती भरली, काडीने मुळांमध्ये दाबली, वरून शेवाळ लावलं. सिस्टर तर जखमेवर पट्टी ठेवावी तशी शेवाळाची एकेक चिंधी हलक्या हाताने बसवत होती.

“आता हा ट्रे तिघींपैकी कोण नेणार?” मास्तरांनी विचारलं.

“आळीपाळीनं!” टाचणीने उत्तर तयारच ठेवलं होतं. “एक महिना माझ्या पायरीवर, मग वर हिच्याकडे, मग—”

“नको, तुझ्याकडेच राहू दे,” सिस्टर शेवाळावरची नजर न काढता म्हणाली. “आम्हाला तिकडे गॅलरी नाही.”

साहेबने डोळे मिटून घेतले.

“तिकडे म्हणजे?” टाचणीने विचारलं.

सिस्टरचा हात थांबला. आपण काय बोलून बसलो ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मास्तर शहाणे, ते दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले.

शेवटी साहेबच बोलली. सिस्टरच्या लेकीने घर बांधलंय. खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. आजारपणानंतर लेक आईला एकटी ठेवायला तयार नाही, आणि सिस्टर एकटी जायला तयार नाही. “मला म्हणाली, तू चल. माझंही वर-खाली जिने चढणं आता होत नाही गं. म्हणून.”

“कधी?”

“हा महिना संपला की.”

“तुला कसं सांगायचं तेच कळेना,” सिस्टरचा आवाज ओला झाला होता. “म्हणून म्हटलं, आधी तिघींनी मिळून काहीतरी करू या. मग सांगू. आणि तू येणार तरी कशी? तुझं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. तू कुठे हलतेस?”

टाचणी ट्रेकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. इतके दिवस बाकावर बसून, तिचाच चहा पिऊन, या दोघी तिला कुठून आणि कसं कापायचं ते ठरवत होत्या. तीही झोपलेली असतानाच. आणि तिला वाटलं होतं, शनिवारी आपण वाचलो.

“विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते,” ती म्हणाली.

“तेच तर—” साहेब.

“तरी विचारायचं.”

साहेब ट्रेच्या कडेला लागलेली माती बोटाने पुसत राहिली. शेडमध्ये बाकीचे लोक आपापल्या कुंड्यांचे फोटो काढत होते. टाचणीने नळाखाली हात धुतले, पाणी बर्फासारखं होतं. हात कोरडे करत ती परत आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “खिडक्या किती आहेत तिथे? पडद्यांची मापं घेतलीत का?”

सिस्टर तोंडावर रुमाल धरून रडायला लागली.

परतीच्या बसमध्ये टाचणी मांडीवर ट्रे घेऊन पुढच्या सीटवर बसली. या वेळी मान वळवता येत नव्हती, ट्रे हलला असता.

त्याच आठवड्यात संध्याकाळी सिस्टर कोटाच्या ट्रायलला खाली आली. वर बांधाबांध सुरू झाली होती; साहेब खोकी ओढत होती त्याचा आवाज खालपर्यंत येत होता. टाचणीने तिला आरशासमोर उभं केलं, कोट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला आणि टाचण्या लावत गेली. तोंडात टाचण्या असल्या की बोलायचं नसतं, ही या धंद्यातली मोठी सोय आहे.

“किती सुकले ना मी?” सिस्टर आरशाला म्हणाली.

टाचणीने मान हलवली. म्हणजे हो की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक.

“जास्तीचं कापून टाक गं सगळं. आत गोळा होतं, टोचतं.”

टाचणीने पुन्हा मान हलवली. सिस्टर थोडी घुटमळली. दाराबाहेर पायरीच्या आडोशाला ट्रे ठेवला होता, तिकडे बघत म्हणाली, “पालवी फुटली की कळव हं.”

“उं,” टाचणी टाचण्यांमधून म्हणाली. सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून वर गेली. जिन्यावर ती प्रत्येक पायरीला थांबत होती, ते ऐकू येत होतं.

टाचणीने अस्तर उसवलं. नवी शिवण घातली, दोन्ही बाजूंनी, सरळ. जुन्या आणि नव्या शिवणीच्या मध्ये दोन बोटं कापड शिल्लक राहिलं. तिने मोठी कात्री उचलली. खोडालगत, साफ. मग जखम भरते.

तिने कात्री खाली ठेवली. कापड उघडून, पाण्याचा हात फिरवून, इस्त्रीने असं दाबलं की ते पाठीला लागूनच बसलं. वरून बारीक हातटाके घातले, म्हणजे गोळा होणार नाही, टोचणार नाही. सिस्टरला कळणारसुद्धा नाही. लेकीच्या हातचं खाऊन ती पुन्हा अंगाने भरेल, तेव्हा तिकडच्या कोणातरी शिंप्याकडे कोट जाईल. तो अस्तर उसवेल तेव्हा त्याला दिसेल, कोणीतरी माया ठेवली होती.

अस्तर शिवून झालं. तिने कोट हँगरला लावला, खांदे झटकले, आणि ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या. आता बोलायला हरकत नव्हती.

“घे, झाला तुझा कोट,” ती म्हणाली.

बाकावर कोणी नव्हतं. वर खोकी ओढल्याचा आवाज आला. टाचणीने दिवा मालवायच्या आधी बाहेर जाऊन ट्रे भिंतीकडे आणखी थोडा सरकवला, वाऱ्याच्या आत, आणि दुकानात साठलेल्या कापडाच्या चिंध्या त्याच्या कडेने नीट लावून घेतल्या.