पाहुणीचं ताट

सेल्फी मागायची चूक विशाखाचीच होती. वेरूळच्या लेण्यांत मैत्रिणींबरोबर फिरताना तिला एक व्हिएतनामी मुलगी दिसली आणि बाकीच्या गर्दीसारखीच तीही मोबाइल पुढं करून उभी राहिली. लान त्या मुलीचं नाव. तिनं हसून फोटो काढू दिला, मग थकल्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "आता तू माझ्याबरोबर जेवशील का?"

विशाखाला आधी काही कळेचना. मग झाडाखाली बसून लाननं सगळं सांगितलं. भारतात आल्यापासून लोकांनी तिला नुसतं डोक्यावर घेतलं होतं. फोटो काय, पेढे काय, घरी बोलावून पंचपक्वान्नं काय! पण जेवायच्या वेळी सगळे भोवती उभे आणि ती एकटीच घास गिळत बसलेली. तिच्या देशात मात्र मधे भांडी ठेवून सगळे भोवती बसतात, गप्पा मारत जेवतात.

"इथं सगळे मला खाऊ घालतात," ती म्हणाली, "पण माझ्याबरोबर कुणी खात नाही. आणि उद्या तर मी इथून निघणार."

"आमच्या घरी तसं नाही," विशाखानं छातीठोकपणे सांगितलं. "निघायच्या आधी ये. सगळे एकत्र बसू."

बोलायला काय जातं! बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत कोण कोण राहतं, हे तिला तरी ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं सगळ्यांना पढवलं. खाली सतरंजी टाकायची, ताटं एकदमच वाढायची, सगळ्यांनी बसायचं. वडील बन्सी, आई आशाबाई आणि आजी मनकर्णाबाई, तिघांनीही "व्हय व्हय" करत माना डोलावल्या. इतक्या पटकन डोलावल्या तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

लान आली. विशाखानं शिकवलेलं "जय भीम" तिनं हात जोडून म्हटलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं वाकली, आणि बन्सीचा ऊर भरून आला. त्या भरात तो शेजारून प्लॅस्टिकचं टेबल आणि खुर्ची उचलूनच घेऊन आला.

"पप्पा, हे काय?"

"अगं, परदेशातून आलेलं माणूस. त्याला काय खाली बसवायचं? बरं दिसतं का ते?"

झालं! लान खुर्चीवर, बाकी सगळे उभे. टेबलावर एकच ताट. त्यात कोंबडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि तिखट सोसलं नाही तर असू दे म्हणून पुरी-श्रीखंडही. दारात शेजारच्या बायका जमलेल्या. पाहुणी आधी कशाला हात लावते, इकडं सगळ्यांचे डोळे.

"तुम्ही पण बसा ना," विशाखा दातओठ खात म्हणाली.

"आमी काय, रोजचेच," बन्सी म्हणाला. "पाव्हणीचं होऊ दे."

"तिला गरम भाकरी द्यायचीय," आई तव्यापाशी बसून ओरडली. "मी मागून बसते."

रागारागात विशाखानं स्वतःचं ताट वाढून घेतलं, टेबलाशी उभ्यानंच घास मोडला. तो तोंडात जायच्या आत आईची हाक, "विशू, पाणी दे तिला!" पाणी दिलं, तर बन्सी म्हणाला, "रस्सा वाढ." रस्सा वाढला, तर दारातल्या मालनबाईंनी मोबाइल पुढं केला, "एक फोटो काढ गं आमचा तिच्यासंगं." लाननं तोंडातला घास गालात लोटला आणि हसून दाखवलं. वेरूळला हसली होती तसंच. विशाखा अगदी रडकुंडीला आली. सगळी आपलीच माणसं, आणि एकालाही सांगून समजू नये!

"सगळे फार चांगले आहेत," लान हळूच म्हणाली. त्यापेक्षा तिनं तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

मग विशाखा आजीवर घसरली. मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभी होती, नजर पाहुणीच्या हातावर. "आजी, निदान तू तरी बस! तुला कोणता तवा सांभाळायचाय?"

"बसल्यावर दिसंल का मला?" आजी म्हणाली. "अगं, गावात लोक आपल्या उंबऱ्याला यायचे, पण पाण्याचा घोटबी घ्यायचे नाय. आत्ताच पिऊन आलो म्हणायचे. आज एवढ्या लांबचं माणूस आपल्या घरात पोटभर जेवतंय. बघू दे की डोळं भरून."

विशाखाचा राग कुठल्या कुठं गेला. लान विचारत होती, आजी काय म्हणतात? आता हे इंग्रजीत सांगायचं कसं? "तिला तुला जेवताना बघायला आवडतं," एवढंच कसंबसं तिच्या तोंडून निघालं, आणि ती स्वतःवरच चरफडली.

लाननं आजीकडं पाहिलं. ताट उचललं, खुर्ची सोडली आणि सरळ आजीच्या पायाशी फरशीवर बसली. आपल्या ताटातली भाकरी मोडून, रश्श्यात बुडवून तिनं घास वर धरला.

बन्सी घाईनं एक पाऊल पुढं आला. आजीच्या सासूनं लोकांच्या दारचं उष्टं आणून लेकरं जगवली होती. मनकर्णाबाईनं ते बंद केलं ते कायमचं. नातवंडांच्या ताटातला घासही ती कधी तोंडात घालत नसे.

"उष्टं मी खात नसते," आजी म्हणाली.

एवढंच व्हायचं राहिलं होतं! पण आजीनं लानचा हात धरला, तो घास हळूच लानच्याच तोंडाकडं वळवला आणि गुडघ्यावर भार देत खाली बसली. "आशे, माझं ताट वाढ. चांगलं भरून वाढ. हिच्या शेजारी."

स्वतःची म्हातारी आईच खाली बसली म्हटल्यावर बन्सी उभा कसा राहणार? तो बसला. आजीनं दटावल्यावर आशाबाई तवा उतरवून आली. दारातल्या मालनबाईही "थोडंसंच हं" म्हणत टेकल्या. ठेच्यानं लानचे कान लाल झाले, आजी पदर तोंडाला लावून हसली. मग आजी मराठीत आणि लान आपल्या भाषेत, दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना.

विशाखा मधोमध उभी राहून बघत होती. जिंकलो बाई एकदाचे, असं तिला वाटलं. भाकरीची टोपली तिच्या हातात कुणी दिली, तिला कळलंही नाही. तिनं आजीला भाकरी दिली, पप्पांना रस्सा वाढला, लानला कांदा दिला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. लानच्या गाडीची वेळ झाली होती.

लाननं मान वर केली. शेजारची मोकळी फरशी थोपटून विचारलं, "आणि तू?"

"तुम्ही घ्या," विशाखा म्हणाली, "मी मागून बसते."

तोंडातून निघालं ते मराठीतच. पण लानला ते समजावून सांगावं लागलं नाही. भारतात आल्यापासून ती घरोघरी तेच ऐकत होती.