अनुसूयेचं बोट

"अगं अनुसूया, बुडव की बोट! मगु किती वेळ जीभ काढून बसेल?"

सोयराबाईंनी मधाची चांदीची वाटी पुढे धरली होती. अनुसूयेच्या मांडीवर ते मगु होतं, त्यांची तान्ही नात, बारशाचं नवं झबलं घातलेली. पण अनुसूया वाटीकडे बघायलाच तयार नव्हती. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं, हिला रडू येतंय.

आलं असतं तरी नवल नव्हतं. मी तुंगा, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण, मला सगळं ठाऊक आहे. आमच्या या कानडी मुलखातल्या गल्लीत कोणाला खोकला झाला की जा अनुसूयेकडे. घसा बसला, अनुसूयेकडे. हुणसूरच्या पलीकडून रानातला मध आणून देणारा तिचा एक माणूस आहे. आल्याचा रस आणि मध, तुळस आणि मध, असं काहीबाही ती चाटवते आणि वर, "दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे जायचं हां," असा दमही भरते. सगळ्या गल्लीनं तिच्या बोटाचा मध चाटलाय. फक्त बारशाला तिला कोणी बोलवत नसे.

आमच्यात म्हणतात, पहिला मध ज्याच्या बोटानं चाटवावा त्याचं वळण बाळाला लागतं. आणि अनुसूया पंचविशीत विधवा झालेली, मूल नाही. हिचं वळण कोणाला हवंय? सोयराबाईंच्या मुलाच्या, गगनच्या बारशाला ती स्वतः मधाची बाटली घेऊन आली होती, बिचारी. सोयराबाईंनी चारचौघींसमोर सांगितलं, "बाटली ठेव. तुझं बोट नको गं." लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं पोर, बाई घाबरलेली होती, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मला सोयराबाईंचा असा राग आला होता! अनुसूया मुकाट्यानं मागल्या दारी गेली आणि बारशाची भांडी घासत बसली.

त्याच गगनची ही मुलगी. त्याची बायको पूजिता पोटुशी असताना तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. हिनकलच्या पुढे एका प्रसूतिगृहात अनुसूया आयाचं काम करते. तिथून बसनं दमून आली तरी रोज संध्याकाळी ती पूजिताजवळ जाऊन बसायची. आल्याचा रस, मधाचं बोट, पाठीवर हात. बाळंतपण बन्नूरला, माहेरी झालं. परत आल्याबरोबर पूजितानं सासूला सांगून टाकलं, "अत्ते, मध अनुसूयामावशीच देणार. माझ्या मुलीला त्यांच्यासारखंच व्हायला पाहिजे."

आणि सोयराबाई स्वतः बोलवायला आल्या! अनुसूयेनं ठेवणीतली मोरपिशी साडी काढली. आज निघताना दोनदा हात धुतले तिनं.

आणि आता ही अशी बसली होती.

"अक्का," अखेर ती म्हणाली, "मला नाही द्यायचा."

"म्हणजे?"

"एवढ्या लहान बाळाला मध द्यायचा नसतो. वर्षाचं होईपर्यंत नाही. आमच्या डॉक्टरीणबाई रोज बायकांना सांगतात. मधात कसलं तरी सूक्ष्म बी असतं म्हणे. आपल्याला काही होत नाही, पण तान्ह्याच्या पोटात ते रुजलं तर विष होतं. अंग ढिलं पडतं, दूध ओढता येत नाही."

"डॉक्टर मलाही काहीतरी म्हणाले होते," पूजिता हळूच म्हणाली. "पण एकच थेंब, मावशी. सगळेच देतात, अल्वा, हो ना?"

"देतात. एखाद्याच बाळाला होतं. ते एखादं कुठलं, हे आधी कोणाला कळतं?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. एवढा मान दिला तरी हिची ऐट बघा, असं कोणीतरी म्हणालंच. मी वळून म्हटलं, "ज्यांना कळत नाही त्यांनी उप्पिट खावं!"

सोयराबाईंचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तू ते विसरली नाहीस. मनात धरून बसलीस."

"नाही विसरले. कशी विसरेन?" अनुसूयेचा आवाज चढला, तो मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "त्या दिवशी घरी जाऊन बोटाकडे बघत बसले होते मी. यात काय वाईट आहे म्हणून. आज तुम्ही वाटी धरलीत आणि वाटलं, बुडवावं. कोणाला काय होतंय एका थेंबानं! तुम्हा सगळ्यांपेक्षा मला पाहिजे आहे अक्का. म्हणून तर हात मांडीखाली दाबून बसलेय."

खरंच, उजवा हात तिनं मांडीखाली दाबला होता.

"ठीक आहे," सोयराबाई म्हणाल्या. "दुसरी कोणी देईल. आण ते पोर इकडे."

"नाही देणार." तिनं बाळावर पदर ओढला. "मारा, हाकला, पण वाटी इथं आहे तोवर मी मुलीला सोडणार नाही."

मग पूजिता उठली आणि तिच्याजवळ येऊन बसली. "अत्ते, बेडा. नको आपण देऊ. वर्ष होऊ दे. तेव्हाही मावशीच देतील."

सोयराबाई पाटावर तशाच बसून राहिल्या, वाटी हातात. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलतील.

"वर्षानं म्हणे," त्या म्हणाल्या. "तोवर मी असेन की नसेन. मला बघायचं होतं गं."

अनुसूयेनं बाळाचं झबलं सारखं केलं.

"दे ते मगु आईजवळ," सोयराबाई म्हणाल्या आणि पाट सरकवत तिच्या अगदी समोर आल्या. वाटी त्यांनी दोघींच्या मध्ये ठेवली. "मला चाटव."

एकदोघी हसल्या. सोयराबाई हसल्या नाहीत.

अनुसूयेनं बाळ पूजिताकडे दिलं. मांडीखालचा हात बाहेर काढून पदराला पुसला आणि बोट मधात बुडवलं. मध ठिबकू नये म्हणून दुसरा हात खाली धरला. सोयराबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पुढचे दोन दात नव्हते.