तळाची तीनशे पानं

मी एक जुनी बॉक्स फाईल आहे. माझा चाप ढिला झालाय आणि एक कोपरा चहा सांडून फुगलाय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. पण मित्रांनो, माझ्या पोटात अकरा वर्षं एक अख्खी कादंबरी राहिली. आमच्यातल्या बहुतेकींच्या नशिबी फ्रिजची गॅरंटी कार्डं असतात, म्हणून थोडी ऐट करते, एवढंच.

माझा जन्म एका तळघरातल्या कारखान्यात झाला. जाड पुठ्ठा, वर काळं कापड आणि आत कागद दाबून धरायला लोखंडी चाप. तो बसवताना एका बाईचं बोट माझ्यात सापडलं. तेव्हा ती मला जे बोलली ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही, पण चाप तिने पुन्हा काढून नीट बसवला. मग वर्षभर मी दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले, आणि एके दिवशी कवळीवाला आला.

सगळी गल्ली त्याला कवळीवालाच म्हणायची, कारण तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांकडून मापं यायची, हा मेणात एकेक दात लावायचा, घासायचा, उजेडात धरून बघायचा. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसवून पाहिल्याशिवाय कवळी त्याच्या टेबलावरून हलायची नाही. आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास तो कादंबरी लिहायचा. साडेतीनशे पानं झाली, ती छापून ठेवायला त्याने मला घरी आणलं.

गोष्ट नदीवर होडी चालवणाऱ्या एका माणसाची होती. एकतिसाव्या पानावर त्याची आई मरायची, आणि तिच्यावाचून तो कसा जगतो हे पुढच्या सगळ्या पानांत होतं.

घरात तिघं. कवळीवाला, इस्पितळात नर्स असलेली त्याची बायको आणि त्याची आई. आईला दिसायचं कमी, म्हणून तो तिला पानं वाचून दाखवायचा. ती मटार सोलत ऐकायची. एकतिसावं पान ऐकून तिचे हात थांबले.

"फार लवकर मारलंस रे हिला," ती म्हणाली. "अजून थोडं जगू दे की."

"ती मेल्याशिवाय पुस्तक सुरूच होत नाही, आई."

"बरं बाबा. तुमचं लेखकांचं तुम्हाला ठाऊक." आणि तिने पुन्हा मटार सोलायला घेतले.

आता एजंट म्हणजे कोण, ते सांगते. लेखकाचं पुस्तक वाचून, ते आवडलं तर प्रकाशकाच्या गळी उतरवणारा माणूस म्हणजे एजंट. मोठे प्रकाशक त्याच्याशिवाय दाराशी उभं करत नाहीत, असं कवळीवाल्याने कुठेसं वाचलं होतं. आणि एजंट लोक अख्खी कादंबरी मागत नाहीत. ते म्हणतात, आधी पहिली पन्नास पानं पाठवा. त्याने पाठवली. मग तीन-तीन महिने वाट बघायची आणि उत्तर यायचं: आभारी आहोत, पण सध्या हे आमच्या यादीत बसत नाही.

"यादीत बसत नाही म्हणे," बायको म्हणायची. "काय, वाणसामानाची यादी आहे का?"

तो हसायचा, माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायचा आणि तारखेपुढे एक आडवी रेघ मारायचा. त्या रेघा मी अजून अंगावर बाळगते. पहिल्या चार-पाच हलक्या हाताच्या आहेत. पुढच्या इतक्या दाबून मारल्यात की पुठ्ठा खरवडलाय. दर नकारानंतर दोन दिवस जेवताना समोर काय वाढलंय हेही त्याला कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी माझा चाप उचलायचा, वरची पन्नास पानं काढायचा, सगळी पुन्हा लिहायचा आणि नवी छापून ठेवायचा.

वरची पन्नासच, मित्रांनो. खालच्या तीनशेंना कोण विचारतं? ती कुणी मागितलीच नव्हती.

चौथ्या वर्षी आई गेली. महिनाभर माझं झाकण उघडलं नाही. मग एका सकाळी त्याने एकतिसावं पान बाहेर काढलं, बराच वेळ नुसतं हातात धरलं आणि तळाच्या गठ्ठ्याखाली पालथं घालून ठेवलं. फाडायला त्याचा हात धजला नाही. त्या दिवसापासून वरच्या पानांतली आई जगायला लागली. ती होडीत बसायची, मुलाची थट्टा करायची, गिऱ्हाइकांशी वाद घालायची. खरं सांगते, वरची पानं आता फार सुंदर झाली होती. दर वेळी आई आणखी थोडी जिवंत व्हायची. पण खाली ती मेलेलीच होती. वरचे कागद पांढरेशुभ्र, खालचे पिवळे पडलेले. खालच्या गठ्ठ्याला लावलेलं रबर विरघळून कागदाला चिकटलं. मला हे सगळं कळत होतं, पण फाईलने बोलायचं कसं? चाप करकर वाजवायचे. तो म्हणायचा, तेल घालायला हवं.

आणि अकराव्या वर्षी एका एजंटबाईंचं उत्तर आलं: पन्नास पानं आवडली, कृपया पूर्ण कादंबरी पाठवा.

त्याने ते बायकोला तीनदा वाचून दाखवलं.

"पाठवण्याआधी एकदा सगळं वाचून बघ," ती म्हणाली.

"पुढचं मला तोंडपाठ आहे. उशीर केला आणि त्यांचा विचार बदलला म्हणजे?"

कॉम्प्युटरवर त्याने नवी पन्नास पानं जुन्या तीनशेंना जोडली आणि पाठवून दिली. दहा मिनिटांत काम झालं. मी शेजारच्या शेल्फवर होते. त्याने माझं झाकण उघडलंसुद्धा नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. पन्नासाव्या पानावर आई मुलाला जेवायला वाढते आहे, एजंटबाईंनी लिहिलं होतं, आणि एकावन्नाव्या पानावर तिला जाऊन दोन वर्षं झाली आहेत. पहिली पन्नास पानं जिवापाड जपलेली दिसतात, उरलेल्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला दिसत नाही. वाईट वाटतं, पण एकदा नाकारलेलं आम्ही पुन्हा वाचत नाही.

त्या दिवशी त्याने रेघ मारली नाही. मला खाली घेतलं, चाप उचलला आणि सात वर्षांत पहिल्यांदा तळापर्यंत हात घातला. रबर तुटून त्याच्या बोटांना चिकटलं. सगळ्यात खाली ते पालथं पान सापडलं. ते हातात घेऊन तो रडला. बायको येऊन शेजारी बसली.

"कवळी अशी पाठवली असतीस का रे?" तिने विचारलं. "वरचा जबडा नवा आणि खालचा न बघताच?"

तो म्हणाला, "खाली गेलो असतो तर आईला पुन्हा मारावं लागलं असतं. तीच म्हणाली होती ना, जगू दे म्हणून."

"थोडं म्हणाल्या होत्या त्या," बायको म्हणाली. "थोडं जगू दे. कायमचं नाही म्हणाल्या."

दुसऱ्या सकाळी त्याने एकावन्नावं पान समोर घेतलं. आता ती आई ब्याण्णवाव्या पानावर जाते, आणि त्यासाठी पुढची सगळी पानं त्याला नव्याने लिहावी लागताहेत. ती अजून कुणी मागितलेली नाहीत. कदाचित कुणी मागणारही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. त्याचं झाकण पुसलंत तर उत्तम, पण कधीतरी तळापर्यंत हात घाला. तिथे जे आहे ते भिऊनच आपण तिथे ठेवलेलं असतं. माझ्या तळाशी आता लपवलेलं काही नाही. ते पालथं पान सुलटं होऊन एक्याण्णवाव्या पानाखाली लागलंय, आणि माझा ढिला चाप ते जमेल तेवढं घट्ट धरून आहे.