गाळलेली पानं

सतीश सरांनी म्युझियममधल्या काचेवर बोट टेकवलं आणि मुलाला हाक मारली.

"यशोधन, हे वाच."

काचेखाली डायरी उघडी होती. शंभरेक वर्षांपूर्वी आयर्लंडच्या या किनाऱ्यावरून दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या, जहाज बर्फात अडकूनही न डगमगलेल्या माणसाची. नागपूरच्या शाळेत सरांनी तिचे उतारे मराठीत करून पोरांच्या कितीतरी पिढ्यांना ऐकवले होते. कुत्री मारून खाल्ली ते वाचायचे, पायाची बोटं गळून पडली तेही वाचायचे. तो घरच्या आठवणीनं हुंदके देतो ती पानं मात्र खुशाल गाळायचे. का, तर पोरं मऊ पडतील म्हणे!

आज त्यांना नेमकं तेच पान हवं होतं. बायकोला, गिरिजाबाईंना, पक्षाघात होऊन वर्ष उलटलं होतं. त्यांना महिनाभर बहिणीच्या अंगावर टाकून सर इथे आले ते काय म्युझियम बघायला? इथल्याच कासलबार गावात डॉक्टर असलेल्या एकुलत्या एका पोराला घरी चल म्हणायला आले होते. पण परतीचं विमान जवळ आलं तरी जीभ रेटेना. उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता ना! म्हणून त्या मेलेल्या माणसाला पुढे केलं.

यशोधन वाकून वाचू लागला. आईजवळ एक संध्याकाळ बसायला मिळाली तर हा अख्खा ध्रुव देऊन टाकीन, असं लिहिलं होतं.

"हे तुम्ही कधी वाचलं नाहीत."

"नाही," सर म्हणाले. मग एकदाचा धीर केला. "आई दिवसभर दाराकडे बघत असते रे. परत ये."

पोरगा चिडला असता तर परवडलं असतं. तो पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा हळू बोलला.

"सहावीत मला हॉस्टेलला टाकलंत. मी रडत फोन करायचो, घरी न्या म्हणायचो. तुम्ही फोनवर याचीच पानं वाचून दाखवायचात. हे पान तेव्हा वाचायचं होतं, बाबा."

"आणि आता?"

"आता आतून काही येत नाही. वाटायला हवं हे कळतं, एवढंच."

सरांनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

बाहेर वारा फार होता. यशोधनने वडिलांच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली आणि तो गाडी आणायला गेला.