पेन्सिलीशिवाय

"बाई, आजच्या दिवस तरी त्यांना मोठ्याने वाचू द्या," संचालक माझ्या टेबलाला टेकून म्हणाले. अकरा वाजता संस्थेच्या विश्वस्तबाई येणार होत्या. माझा चिनी भाषेचा वर्ग चालू ठेवायचा की ही खोली टंकलेखनाला द्यायची, ते त्या आज ठरवणार होत्या.

मी नाही म्हटलं. अठरा वर्षं शिकवतेय, पोपटपंची मला डोळे मिटूनही ओळखू येते. चिनी अक्षरावरून उच्चार कळत नाही, म्हणून विद्यार्थी प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीने तो बारीक लिहून ठेवतात आणि मग फाडफाड वाचतात. काय वाचलंत विचारा, की माना खाली. गेल्या वर्षी समारंभात त्यांनी असाच एक धडा खणखणीत वाचला. धड्यात घरातली आजी वारली होती आणि हे सगळे हसतमुख. टाळ्या पडल्या, मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात पेन्सिल बंद.

सगळ्यात जास्त कुरकुरले ते टपालकाका. जन्मभर पत्रं वाटून निवृत्त झालेले, वयाने सगळ्यांत पुढे आणि अभ्यासात सगळ्यांत मागे. काठीच काढून घेतलीत, आता मी पडणार, म्हणाले. मी म्हटलं, पडा. पण एक दिवस चुकवला नाही त्यांनी.

विश्वस्तबाई आल्या. मी कोणीच न पाहिलेली, स्वतः लिहिलेली गोष्ट वाटली, मनात वाचायला सांगितली आणि खुर्चीत बसले. खोली चिडीचूप. संचालक सारखे घड्याळ बघत होते.

आधी वर्गातली नर्स हसली. मग तिच्यामागचा वायरमन, मग खिडकीजवळच्या दोघी बहिणी. विश्वस्तबाईंनी कारण विचारलं. मी नर्सला कानात सांगायला लावलं, कारण काकांचं बोट अजून तिसऱ्या ओळीवर होतं. गोष्टीत एका म्हाताऱ्याला शेजारी चिठ्ठी पाठवतो की तुमचा कोंबडा पहाटे झोपमोड करतो, त्याला आवरा. म्हातारा उलट लिहितो, कोंबडा केव्हाच मेला, हल्ली मी गाणं शिकतोय.

विश्वस्तबाई जेमतेम हसल्या. "कुठे हसायचं हे आधी शिकवून ठेवता येतं, बाई," त्या म्हणाल्या आणि उठल्या. संचालक त्यांच्यासाठी दार धरून उभे राहिले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हसू आलं. काका एकटेच, कागदावर बोट ठेवून, खांदे हलेपर्यंत हसत होते. बाकीचे हसून केव्हाच गप्प झाले होते.

विश्वस्तबाई दारातच थांबल्या. "टंकलेखनाला दुसरी खोली बघा," त्या संचालकांना हळूच म्हणाल्या आणि परत येऊन काकांच्या शेजारी बसल्या. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.

काकांनी डोळे पुसले. बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"सांगतो," ते म्हणाले, "पण आधी आणखी एकदा वाचू द्या."