सैल सोडलेली लेन्स

फिल्म सुरू झाली आणि मिनिटभरातच फोटोबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कळी फुगली, पाकळ्या सुटू लागल्या, इथवर सगळं नीट होतं. पण दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून अख्खं फूल लुकलुकायला लागलं. क्षणात उजळ, क्षणात काळवंडलेलं.

"हे असं मिचमिच काय करतंय गं?" शेजारी बसलेल्या नणंदेनं विचारलं.

फोटोबाईंनी फिल्म थांबवली. एक्केचाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेली बाई. अर्ध्या गावाचे पासपोर्टचे फोटो त्यांच्या हातचे. नवरा गेल्यापासून या दोघीच घरात. नणंदेनं कुंडीत एक झाड लेकरासारखं वाढवलं होतं, एकोणीस वर्षं. ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि वाळून जातं. यंदा त्याला कळी धरली, तेव्हा नणंद एवढंच म्हणाली होती, "मला ते पुन्हा पुन्हा बघता येईल असं करशील?" मग फोटोबाईंनी मागची खोली बंद केली, पडदे ओढले, एकच दिवा लावला आणि चार दिवस कॅमेरा आपोआप दर चार मिनिटांनी एक फोटो काढत राहिला. तेच जोडून ही फिल्म. आता फूल गळून गेलं होतं. पुन्हा काढायचं म्हटलं तरी काढणार कशाचं?

आणि लुकलुक होऊ नये म्हणून तर त्यांनी सगळी काळजी घेतली होती. कॅमेऱ्याला स्वतःच्या मनाने काहीच ठरवू दिलं नव्हतं. लेन्सच्या आत पात्यांची एक झडप असते. दर फोटोला ती मिटते आणि दर वेळी केसभर कमी-जास्त मिटते. एका फोटोत ते कळत नाही, पण हजार फोटो एकामागून एक पळवले की उजेड नाचतो. त्यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे. कॅमेऱ्याचं एक बटण दाबून पाती मिटलेली धरून ठेवायची आणि लेन्स बोटभर फिरवून सैल सोडायची. तिचा कॅमेऱ्याशी संबंध तुटतो आणि पाती असतील तिथेच थबकतात. त्यांनी तेच केलं होतं.

त्या उठल्या. कॅमेरा अजून स्टँडवरच होता. लेन्स हलवून पाहिली. घट्ट! अगदी शेवटपर्यंत फिरवून बसवलेली.

"वन्सं," त्या वळून म्हणाल्या, "तुम्ही लेन्स घट्ट केलीत."

"मी? मी कशाला हात लावू तुझ्या यंत्राला?"

"सैल दिसली असेल, पडेल असं वाटलं असेल. या खोलीत आपल्या दोघींशिवाय कोण येतं?"

"मी दारातून बघून परत जायचे. श्वाससुद्धा दाबून!"

"एकोणीस वर्षं जीव लावलात आणि चार दिवस हात आवरला नाही तुम्हाला!"

नणंद उठली, स्वतःच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.

फोटोबाईंचं डोकं तापलंच होतं. पुरावाच समोर ठेवते, म्हणत त्या कॉम्प्युटरवर एकेक फोटो मागे सरकवू लागल्या. तिसरा दिवस, दुसरा दिवस, दुपार. फूल, फूल, फूल. आणि मग फूलच नाही.

फुलाच्या जागी एक चेहरा होता. इतका जवळ, की कडा पुसट झालेल्या. पांढरे केस, दोरीनं गळ्यात लटकवलेला चष्मा, हनुवटीवरचा तीळ. डोळे बारीक करून लेन्सकडे बघणारी, दोन बोटं लेन्सच्या काठावर टेकवलेली एक म्हातारी, अगदी शांत, कामात गढलेली.

त्या स्वतःच.

पुढच्या फोटोपासून लुकलुक सुरू झाली होती.

त्यांनी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. दहा वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईकही ज्यांना आठवतं, त्यांना ही दुपार आठवेना. बॅटरी बघायला गेल्या असतील, लेन्स डुगडुगली असेल, आणि एक्केचाळीस वर्षं जे केलं तेच हातांनी करून टाकलं असेल. हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी ओरडून ओरडून शिकवलं होतं, आधी लेन्स घट्ट कर! फोटो पुसून टाकायच्या बटणावर नजर गेली. एक फोटो. कुणाला कळणार होतं?

त्यांनी जाऊन दारावर थाप मारली. "वन्सं, बाहेर या. एक दाखवायचंय."

नणंद आली आणि उभ्यानेच कॉम्प्युटरवर वाकली.

"ही तू."

"मीच. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही."

"मला वाटलं, तुझ्या बोलण्याने माझंच डोकं फिरलंय. आत बसून मी शोधत होते, कधी लावला असेल मी हात!" ती फोटोबाईंकडे वळली. "मघाशी बोललीस ते परत घे."

"घेतलं."

"जीव लावण्याबद्दल बोललीस तेही."

"तेही. सगळं."

नणंदेनं डोळे पुसले. मग खुर्ची पुढे ओढली. "आता याचं काही होईल का?"

"एकेका फोटोचा उजेड हातानं आधीच्यासारखा करायचा. नऊशेच्या आसपास आहेत."

"मग कर. मी सांगते कमी की जास्त, ते फूल मला पाठ आहे. आणि आधी तुझं ते थोबाड मधून काढ."

फोटोबाईंनी ते काढलं. पुढचा फोटो उघडून उजेड जरा वाढवला.

"नाही," नणंद म्हणाली, "एवढं नव्हतं ते उजळ."