बियाणे नावाची फाईल

शनिवारी दुपारी तीन वाजता मुंबईहून टेम्पो येणार होता आणि कारखान्यातला कॉम्प्युटर घेऊन जाणार होता. मॅनेजर साहेबांनी सोमवारीच तसं सांगून टाकलं होतं.

"नीला, हे यंत्र रोज अकरा वाजता झोपतं. मुख्य ऑफिसात नेऊ, तिथले लोक बघतील. तुझं काय करायचं ते मग पाहू."

कॉम्प्युटर गेल्यावर कॉम्प्युटर ऑपरेटरचं काय करतात, हे विचारायची गरज नव्हती. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली नीला रोज पोलादपूरजवळच्या कापडे गावाहून एस.टी.ने महाडच्या औद्योगिक वसाहतीत यायची ती या एका यंत्रासाठी. एरवी त्या रसायनाच्या कारखान्यात तिला कुणी बोलावलं नसतं.

"शनिवारपर्यंत मला हात लावू द्या," ती म्हणाली.

"मुंबईचा इंजिनीअर दोनदा येऊन गेला. आणखी मेमरी बसवा म्हणतो."

"त्यांनी मोजलं नाही, साहेब. मी मोजलंय."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शनिवार. तीन."

तिने मोजलं होतं हे खरं. रोज अकराला स्टोअर, खरेदी आणि प्रयोगशाळा असे तीन विभाग मालाची यादी काढत, कारण साडेअकराला ट्रक भरायला लागत. एकानेच यादी काढली तर चार मिनिटं. दोघांनी एकदम काढली तर नऊ. तिघांनी काढली की पन्नास, आणि तेवढा वेळ एकाही टर्मिनलवर अक्षर उमटत नसे. चार, नऊ, पन्नास. नीलाने आलेख काढला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसली. भार तिप्पट झाला तर वेळही तिप्पट व्हावा. तो बारापट होतो, म्हणजे यंत्र त्या वेळात काम करतच नाही, दुसरंच काहीतरी करत बसतं.

काय करत बसतं ते तिने पुस्तकात शोधलं. यंत्राबरोबर आलेलं ते जाडजूड पुस्तक दोन वर्षं कपाटात पडलं होतं. आठवडाभर ते तिच्याबरोबर पोलादपूरच्या एस.टी.त जात-येत होतं.

"मेमरीचे सारखे तुकडे असतात, त्यांना पानं म्हणतात. आपल्या मेमरीत अशी पंधराशे पानं मावतात," तिने काशीरामला सांगितलं. तुडीलचा काशीराम स्टोअर सांभाळायचा. यंत्र झोपलं की पहिली बोंब त्याची. "पण यंत्र प्रत्येक प्रोग्रॅमला सांगतं, हवी तेवढी जागा घे. मावलं नाही ते डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. यादी क्रमाने लावणारा प्रोग्रॅम नऊशे पानं मागतो. तुम्ही तिघांनी एकदम चालवला तर सत्तावीसशे झाली."

"म्हंजे लग्नघरात खोल्या दोन आन् पाव्हणे साठ," काशीराम म्हणाला. "झोपतंय कोन? नुसत्या गाद्या हिकडनं तिकडं."

"तेच. सगळा वेळ गाद्या हलवण्यात जातो."

"मग खोल्या वाढवा. तो इंजिनीअर तेच सांगत व्हता ना?"

"नको. त्याला नऊशे लागतच नाहीत, काका. पुस्तकात लिहिलंय. नऊशे मागायची, नाही मिळाली तर निम्मी मागायची, तीही नाही मिळाली तर आणखी निम्मी. दोन-सव्वादोनशे पानांतही तो यादीचे तुकडे करून काम उरकतो. मिळतात म्हणून मागतो."

"आमचा मेव्हना," काशीराम म्हणाला.

नकार कुणी द्यायचा, तेही पुस्तकात होतं. यंत्राचा सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्याला कर्नेल म्हणत. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त किती पानं द्यायची, याचा एक आकडा त्या कर्नेलमध्ये होता. तिथे दोन हजार लिहिलेलं होतं. मावतात पंधराशे आणि परवानगी दोन हजारांची! तो आकडा बदलायचा, कर्नेल नव्याने बांधायचा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. एवढंच काम होतं.

शनिवारी सकाळी नीला निघाली तेव्हा तिची आई चंपाबाई कोपऱ्यातल्या लहान कणगीवर गोणपाट सारखं करत होती.

"आई, लावणी होऊन आठवडा झाला. ते भात अजून ठेवलंयस होय? घरात तांदूळ संपत आलाय."

"असू दे गो. रोप अजून पिवळं हाय. पानी चढलं आन् सगळं कुजलं तर पुन्ना काय पेरशील? रोपानं मूळ धरल्याबिगर ह्या बियान्याला मी हात लावायची नाय."

दुपारी एक वाजता जेवणाची सुट्टी झाली आणि सगळी टर्मिनलं मोकळी झाली. नीलाने चालू कर्नेलची एक प्रत डिस्कवर काढून ठेवली. नाव विचारलं तेव्हा सकाळचीच गोष्ट डोक्यात होती, तिने 'biyane' असं टाइप केलं. मग दोन हजार खोडून तिथे दोनशे छप्पन्न लिहिलं. दोनाचा आठवा घात, देखणा आकडा. नवा कर्नेल बांधला, यंत्र बंद करून सुरू केलं.

दीड वाजता तीन टर्मिनलांवर तीन माणसं बसली आणि तिघांनी एकदम यादी मागितली. नीलाने घड्याळ हातात धरलं होतं. तेरा मिनिटांत तिन्ही याद्या छापून बाहेर आल्या. खरेदी विभागातली आवडी टाळ्या वाजवू लागली.

"नीलाताई," काशीरामने हाक मारली, "यादी झाली, पन आमचं पावत्यांचं काय उघडत नाय."

नीलाने जाऊन पाहिलं. पडद्यावर एकच ओळ होती: जागा नाही. तिने हिशेब केला. पावत्यांच्या प्रोग्रॅमला तीनशे दहा पानं लागत होती, आणि तो यादीसारखा निम्म्यावर भागवणारा नव्हता.

"एवढंच ना? चारशे करू," ती म्हणाली. तिने आकडा बदलला आणि कर्नेल बांधायला घेतला.

जागा नाही.

तिने पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच उत्तर. मग तिच्या लक्षात आलं. कर्नेलचे तुकडे जोडणारा जो प्रोग्रॅम होता, तोही एक प्रोग्रॅमच, आणि त्याला साडेतीनशे पानं लागत. तिने घातलेली मर्यादा सैल करायची तर त्याच्याच हातून, आणि त्यालाच त्या मर्यादेने दाराबाहेर उभं केलं होतं.

फाटकाशी हॉर्न वाजला. अडीचच वाजले होते. टेम्पो अर्धा तास आधी आला होता.

"काय झालं?" काशीरामने हळूच विचारलं.

"देखणा आकडा निवडला. लागतो किती ते विचारलं नाही." तिने यंत्र बंद केलं.

"आता गो?"

"आता बियाणं काढायचं."

यंत्र सुरू करताना ते आधी विचारतं, कोणता कर्नेल घेऊ? रोज नीला नुसतं बटण दाबून पुढे जायची. आज तिने सहा अक्षरं टाइप केली.

"म्हंजे पुन्ना जुनंच? मग पुन्ना झोपंल ना ते."

"जुन्याला साडेतीनशे पानं द्यायला काही वाटत नाही, काका. त्याच्याकडूनच नवा बांधून घ्यायचा."

या वेळी तिने आधी सगळ्या प्रोग्रॅमांना किती पानं लागतात त्याची कागदावर यादी केली आणि मगच चारशे लिहिलं. जोडणीला अकरा मिनिटं लागली. मग यंत्र बंद करून तिने ते नव्या कर्नेलवर सुरू केलं. तेवढ्यात मॅनेजर साहेब दारात येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे टेम्पोचा ड्रायव्हर, हातात दोरखंड.

"तीन वाजले, नीला."

"बसा साहेब. तुमच्याच हाताने चालवा."

साहेब बसले नाहीत, पण त्यांनी वाकून बटण दाबलं; बाकीच्या दोन टर्मिनलांवरही त्याच क्षणी बटणं दाबली गेली. तीन याद्या एकदम सुटल्या. चौथ्या टर्मिनलवर काशीरामने पावती उघडली आणि उगाचच तिच्यावर स्वतःचं नाव लिहून पाहिलं. अक्षरं बोटाबरोबर उमटत होती. चौदाव्या मिनिटाला तिसरी यादी बाहेर आली.

"काय बसवलंस?"

"काही नाही. त्याला नाही म्हणायला शिकवलं."

साहेबांनी तिन्ही याद्या एकीवर एक ठेवून उलटून पाहिल्या. मग ड्रायव्हरकडे वळून मान हलवली.

"म्हंजे मी रिकामाच जाऊ काय?" ड्रायव्हर चिडला.

"रिकामा कशाला जातोस रे," काशीराम म्हणाला, "मुंबईची बारा पिंपं पडल्यात. ही बघ पावती. आताच निघाली."

साहेब जाता जाता थांबले. "ती जुनी प्रत आता पुसून टाक. उगाच डिस्कवर जागा अडते."

"महिनाअखेरच्या याद्या निघू दे, साहेब," नीला म्हणाली. "त्याआधी मी तिला हात लावायची नाही."